तुकड्यांतून उभा राहिलेला ठेका

ध्वनिमुद्रित गाण्यातला छोटासा भाग उचलायचा, आघातागणिक त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे निराळ्या क्रमाने, निराळ्या लयीत, निराळ्या पट्टीत वाजवून नवा ठेका किंवा नवी चाल उभी करायची, या कामाला संगीतनिर्मितीच्या व्यवसायात ‘चॉपिंग’ म्हणतात. उचललेला भाग म्हणजे सॅम्पल आणि त्याचा प्रत्येक काप म्हणजे चॉप किंवा स्लाइस. आज लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम काही मिनिटांत होते. पण त्या सॉफ्टवेअरमधल्या बहुतेक सवयी अशा काळात पडल्या, जेव्हा यंत्राला दहा-बारा सेकंदांपलीकडचे काही लक्षात ठेवता येत नव्हते. ही कला टंचाईत घडली. आधी टंचाई होती ती स्मृतीतल्या जागेची, आणि पुढे परवानगीची.

आवाज कापण्याचे पहिले शिस्तशीर प्रयोग पॅरिसमध्ये झाले. फ्रेंच रेडिओतील अभियंता पिएर शेफेर याने 1948 साली बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांतून एक छोटी रचना बांधली. त्या वर्षी 5 ऑक्टोबरला ती रेडिओवरून प्रसारित झाली. तेव्हा त्याच्या हाती चुंबकीय फीत नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवरची खाच स्वतःतच मिटवून घेतली की सुई पुढे सरकत नाही आणि तोच क्षण पुन्हापुन्हा वाजत राहतो. आजच्या लूपचा हा पूर्वज. शेफेरचा दुसरा प्रयोग चॉपिंगच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरला. त्याने घंटेच्या नादातला सुरुवातीचा टोला कापून टाकला आणि उरलेला नाद ऐकला. तो घंटेचा वाटेना. त्याला बासरीसारख्या वाद्याचा गोलावा आला होता. वाद्याची ओळख फार मोठ्या प्रमाणात त्याच्या पहिल्या आघातात असते, हे त्यातून उघड झाले. तुकडा नेमका कुठून सुरू करायचा, या प्रश्नाला पुढच्या सगळ्या इतिहासात जे महत्त्व आले ते यामुळेच.

1950च्या दशकात फीत आली आणि काम ब्लेडचे झाले. सेकंदाला 38 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर, मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत एक मात्रा साधारण 25 सेंटिमीटर लांबीची होते. म्हणजे ताल पट्टीने मोजता येत होता. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायर हिने 1963 साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे शीर्षकसंगीत असेच घडवले. चाल रॉन ग्रेनर यांची. तिच्यातला एकेक सूर वेगळा मुद्रित करून, फीत योग्य लांबीची कापून, तुकड्याला तुकडा चिकटवून ती उभी राहिली. फीत तिरकी कापली की जोड ऐकू येत नाही, सरळ कापली तर तिथे ‘टक्’ होते. हा त्या कारागिरांचा रोजचा अनुभव होता आणि संगणकानेही तो पुढे जसाच्या तसा स्वीकारला.

या प्रयोगांचे ऐकणारे थोडे होते. सॅम्पलिंगला रस्त्यावर आणले ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागाने, आणि तिथे ब्लेडची जागा हातांनी घेतली. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेज्विक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्क याने एका घरगुती समारंभात तबकड्या वाजवल्या. नाचणारे सर्वाधिक पेटतात ते गाण्यात बाकीची वाद्ये थांबून नुसता ड्रम उरतो त्या काही सेकंदांत, हे त्याने हेरले होते. या भागाला ‘ब्रेक’ म्हणतात. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तोच ब्रेक आलटून पालटून लांबवण्याची रीत रूढ केली. ग्रँडमास्टर फ्लॅश याने तबकडीवर खुणा करून सुई नेमक्या जागी परत आणण्याची अचूकता त्यात आणली. काही सेकंदांचा ब्रेक आता हवा तितका वेळ चालू शकत होता. मात्र त्याचे अंतरंग उलगडता येत नव्हते. ब्रेकमधला एकच टोला वेगळा काढून दुसरीकडे बसवणे टर्नटेबलच्या आवाक्याबाहेर होते.

ते शक्य झाले आवाज अंकांत साठवता येऊ लागल्यावर. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि ती मोजमापे स्मृतीत ठेवायची. मग तो आवाज कुठूनही सुरू करता येतो, कुठेही थांबवता येतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात पीटर व्होगेल आणि किम राइरी यांनी 1979 साली बाजारात आणलेले फेअरलाइट सीएमआय हे यंत्र या दिशेचा मोठा टप्पा होते. त्यात बाहेरचा आवाज घेऊन कीबोर्डवर वाजवता येई, पण आवाज 8 बिटचा आणि जेमतेम सेकंदभराचा असे. त्याची किंमत घराच्या किमतीशी बरोबरी करणारी होती, त्यामुळे ते पीटर गॅब्रिएल, केट बुश अशा प्रस्थापितांच्या स्टुडिओंपुरते राहिले. तरी त्याच्यासोबत मिळणारा एक सॅम्पल जगभर पोचला. स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधला पूर्ण वाद्यवृंदाचा एकच टोला 1982 साली आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये आला आणि नंतर असंख्य गाण्यांत ऐकू आला. बॅलेसाठी लिहिलेल्या संगीताचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा नाचाच्या संगीतात इतका मुरला की त्याचे मूळ शोधावे लागते.

खरी कलाटणी मिळाली ती स्वस्त आणि मर्यादित यंत्रांमुळे. 1980च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला निर्माता मार्ली मार्ल एका जुन्या तबकडीवरून दुसराच आवाज घेत असताना त्याच्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज अंकांत साठवणाऱ्या यंत्रात, स्नेअर ड्रमचा एक टोला अलग येऊन बसला. नव्या तालावर तो वाजवताच त्याच्या लक्षात आले की आता तबकडीवरच्या कोणत्याही ड्रमवादकाचा एकेक टोला वेगळा घेऊन स्वतःचा ठेका बांधता येईल. ‘द हनी ड्रिपर्स’ या गटाच्या 1973च्या ‘इंपीच द प्रेसिडेंट’मधले टोले त्याने अशाच प्रकारे वापरले आणि 1986च्या ‘द ब्रिज’ या गाण्याचा ठेका उभा राहिला. इथवर डीजे दुसऱ्याचा ठेका लांबवत होते. इथून पुढे दुसऱ्याच्या टोल्यांनी स्वतःचा ठेका वाजू लागला.

या कामाचे हत्यार म्हणून गाजलेले यंत्र ई-म्यू कंपनीचे एसपी-1200. ते 1987 साली आले. त्याची मोजमापे पाहिली तर त्या काळातले संगीत तसे का वाजते हे कळते. आवाज 12 बिटचा, सेकंदाला सुमारे 26,000 मोजमापे, एकूण स्मृती दहा सेकंदांची आणि एका सॅम्पलची कमाल लांबी अडीच सेकंद. मिनिटाला 90 मात्रा या हिपहॉपच्या तेव्हाच्या सवयीच्या लयीत चार मात्रांचे एक आवर्तन 2.67 सेकंदांचे होते. म्हणजे एक अख्खे आवर्तनही त्या अडीच सेकंदांत मावत नव्हते. निर्मात्यांनी त्यावर तोड काढली. 33 फेऱ्यांची तबकडी 45 फेऱ्यांच्या वेगाने वाजवून सॅम्पल घ्यायचा, मग तेच आवर्तन दोन सेकंदांत बसते. नंतर यंत्रात त्याची पट्टी सुमारे पाच स्वरांतरांनी (सा ते कोमल रे हे एक, या हिशेबाने) खाली उतरवायची. असे उतरवताना यंत्र मोजमापांमधली भर गुळगुळीत करत नसे, त्यामुळे आवाजाला खरखर आणि धातूसारखी झाक येई. जागा वाचवण्यासाठी केलेल्या युक्तीतून आलेला हा खरखरीतपणा त्या काळच्या न्यूयॉर्कच्या हिपहॉपची ओळख ठरला, आणि आज तो मुद्दाम आणण्यासाठी वेगळी सॉफ्टवेअर विकली जातात.

जागा इतकी कमी असल्यावर पूर्ण आवर्तन साठवणे ही चैन होती. एक बास ड्रम, एक स्नेअर, एक झांज आणि ट्रम्पेटचा एखादा फटका असे चार तुकडे ठेवले की सेकंद-दीड सेकंदात काम भागते आणि त्यांतून वाटेल तितके ठेके निघतात. चॉपिंगचे व्याकरण या काटकसरीत तयार झाले. पब्लिक एनिमी या गटासाठी काम करणाऱ्या बॉम्ब स्क्वॉडने 1988च्या ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ या अल्बममध्ये असे बारीक तुकडे एकावर एक रचले. सायरनसारखा सॅक्सोफोन, भाषणातला एखादा शब्द, जेम्स ब्राऊनचा हुंकार असे सगळे त्यात एकाच वेळी चालू असते. त्या दाट कल्लोळाला जी शिस्त आहे, ती प्रत्येक तुकडा मोजून घ्यावा लागत होता त्यामुळे आलेली आहे.

1988 साली जपानच्या अकाई कंपनीने रॉजर लिन याच्याकडून एमपीसी-60 हे यंत्र करून घेतले. लिनने त्याआधी 1980 साली खऱ्या ड्रमचे मुद्रित टोले वाजवणारे एलएम-1 हे यंत्र बनवले होते. एमपीसीवर रबराच्या सोळा चौकोनी गाद्या चार ओळींत मांडलेल्या होत्या. प्रत्येक गादीवर एक तुकडा, आणि गादी जितक्या जोराने दाबाल तितका आवाज मोठा. तबला-ढोलकीच्या देशातल्या वाचकाला यातला फरक सहज उमगेल: तुकडे आता बटण दाबून लावण्यापेक्षा बोटांनी वाजवले जाऊ लागले. लिनच्या यंत्रांत ‘स्विंग’ची सोयही होती. मात्रेच्या जोड-भागांपैकी पहिला किती लांबवायचा हे टक्क्यांत ठरवता येई. 50 टक्के म्हणजे सरळ चाल, 66 टक्क्यांच्या आसपास गेले की तिप्पट अंगाची झुलती चाल. डेट्रॉइटचा निर्माता जे डिला याने एमपीसी-3000 वर काम करताना यंत्राची आपोआप ताल सरळ करण्याची सोय बाजूला ठेवली आणि स्नेअर किंचित आधी, बास ड्रम किंचित नंतर असे टोले हाताने बसवले. त्यामुळे त्याच्या ठेक्यांत एकाच वेळी दोन चाली चालल्याचा भास होतो. 7 फेब्रुवारी 2006 रोजी त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम आला आणि तीनच दिवसांनी त्याचे निधन झाले. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सॅम्पलर हे वाद्यच आहे, ही मान्यता त्या काचेआडच्या यंत्राला मिळाली आहे आणि ती योग्य आहे.

अमेरिकेत तुकडे करण्याला काटकसरीचे वळण लागले, तर इंग्लंडमध्ये वेगाचे. या कहाणीच्या केंद्रस्थानी सात सेकंद आहेत. ‘द विन्स्टन्स’ या वॉशिंग्टनच्या सोल गटाने 1969 साली काढलेल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ हे वाद्यसंगीत होते. त्याच्या मध्ये ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक चार आवर्तने एकटा वाजवतो. पहिली दोन सरळ आहेत. तिसऱ्यात स्नेअरचा एक टोला अपेक्षित जागेहून पुढे सरकतो, आणि चौथ्यात मोठी झांज अपेक्षेपेक्षा आधी पडते. या सरकण्यामुळे ब्रेकच्या तुकड्यांत विविधता आहे. सरळ टोले, हलके टोले, घसरलेले टोले असे सगळे सात सेकंदांत मिळते, आणि क्रम बदलला तरी प्रत्येक तुकडा जिवंत राहतो. 1986 साली ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या डीजेंसाठीच्या तबकडीमालेत हे वाद्यसंगीत छापले गेले आणि सगळ्यांच्या हाती आले.

1990च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या निर्मात्यांनी या ब्रेकची लय मिनिटाला 160-170 मात्रांपर्यंत चढवली आणि ‘जंगल’ हा संगीतप्रकार घडला. त्यांच्यापैकी अनेकांकडे महागडे सॅम्पलर नव्हते, घरी कमोडोर अमिगा हा संगणक होता. या संगणकासाठी जर्मनीच्या कार्स्टेन ओबार्स्की याने 1987 साली ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हा कार्यक्रम लिहिला होता. त्याच्या पडद्यावर चार रकाने वरून खाली सरकत जात आणि प्रत्येक ओळीत अंक-अक्षरांत लिहिलेली आज्ञा असे. पुढच्या ट्रॅकर कार्यक्रमांत अशी एक आज्ञा आली की सॅम्पल सुरुवातीपासून वाजवण्याऐवजी मधल्या अमुक जागेपासून वाजव. म्हणजे ब्रेक प्रत्यक्ष कापण्याची गरजच उरली नाही. अख्खा ब्रेक स्मृतीत तसाच ठेवून, ओळीओळीला वेगळ्या ठिकाणाहून वाजवायचा. आजची सॉफ्टवेअर तुकडे करतात तेही याच तत्त्वाने. मूळ फाइल अखंड राहते, तुकडे म्हणजे फक्त तिच्यातल्या खुणा.

लय आणि पट्टी यांची फारकतही याच काळात सर्वांच्या हाती आली. तबकडी किंवा फीत वेगाने फिरवली की लयीसोबत पट्टीही चढते. अकाईच्या एस-950 आणि एस-1000 या 1988च्या यंत्रांनी ‘टाइम-स्ट्रेच’ची सोय दिली. यंत्र आवाजाचे अत्यंत बारीक कण करते. लांबवायचा असेल तर काही कण पुन्हा वाजवते, आखडायचा असेल तर काही गाळते, आणि सांधे एकमेकांत मिसळते. कणांची पट्टी मूळचीच असल्याने सूर बदलत नाही. यामागचा विचार भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर याने 1940च्या दशकातच मांडला होता. पण स्वस्त यंत्रात सांधे ऐकू येत. फार ताणलेला आवाज धातूच्या पत्र्यासारखा थरथरे. जंगलच्या निर्मात्यांनी तो दोष झाकण्याऐवजी पुढे आणला आणि गायकाचा ताणलेला, तडकलेला आवाज ही त्या संगीताची खूण झाली. त्यांच्यापैकीच गोल्डी याच्या 1992च्या ‘टर्मिनेटर’मध्ये उलटी करामत आहे: लय तिथेच राहते आणि ड्रमची पट्टी वर चढत जाते.

ज्याच्या सात सेकंदांवर हे सगळे उभे राहिले, त्या ग्रेगरी कोलमनला यातून काहीही मिळाले नाही. 2006 साली अटलांटात तो बेघर अवस्थेत वारला. गाण्याचे हक्क ज्याच्याकडे होते त्या रिचर्ड स्पेन्सर या गटप्रमुखाला या वापराची कल्पना आली तेव्हा दाद मागण्याची मुदत उलटून गेली होती. 2015 साली ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सुमारे 24,000 पौंड दिले. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचीही तीच कथा. त्याच्या ठेक्यावर शेकडो गाणी झाली, पण रचनाकार म्हणून त्याचे नाव नव्हते, त्यामुळे मानधन त्या दिवसाच्या वादनापुरतेच राहिले. तालवादकाने केलेली निर्मिती ही ‘रचना’ म्हणून मोजायचीच नाही, ही हक्कव्यवस्थेतली जुनी उणीव सॅम्पलिंगने उघडी पाडली, आणि तिची भरपाई आजतागायत झालेली नाही.

तुकडे करण्याचे काम यंत्राकडून संगणकाच्या पडद्यावर येण्याचा टप्पा 1994चा. स्टॉकहोममधल्या प्रॉपेलरहेड कंपनीने ‘रीसायकल’ नावाचा कार्यक्रम आणला. ब्रेकची लहर पडद्यावर दिसे, आणि जिथे आवाजाची उंची एकदम उसळते त्या जागा, म्हणजे आघात, कार्यक्रम स्वतः शोधून तिथे उभ्या रेघा मारी. एक सरकपट्टी ओढली की रेघा वाढत किंवा कमी होत: संवेदनशीलता वाढवली तर हलके टोलेही तुटत, कमी केली तर मुख्य टोलेच वेगळे निघत. मग ते तुकडे सॅम्पलरला पाठवायचे, आणि सोबत ते मूळ क्रमाने व मूळ अंतराने वाजवणारी सूचनांची फाइलही मिळे. यातली खुबी अशी की आता लय बदलली तरी पट्टी हलत नाही आणि आवाज ताणावाही लागत नाही. तुकड्यांमधली अंतरे तेवढी कमी-जास्त होतात. जे काम एसपी-1200 वर एकेक टोला कानाने शोधून तास-दोन तासांत होई, ते एका क्लिकवर आले.

यानंतरची वाटचाल वेगवान आहे. 1997 साली बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने ‘फ्रूटीलूप्स’ काढले. 2003 पासून ते एफएल स्टुडिओ म्हणून ओळखले जाते. 1998 साली सॉनिक फाउंड्रीचे ‘अ‍ॅसिड’ आले. त्यात कोणताही लूप ओढून टाकला की तो गाण्याच्या लयीत आपोआप बसे. 2001 साली बर्लिनच्या एबलटन कंपनीच्या ‘लाइव्ह’ने हे ताणणे-आखडणे वाजवता वाजवता शक्य केले. गेर्हार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे त्याचे कर्ते स्वतः संगीतकार होते, आणि मंचावर वापरता येईल असे हत्यार त्यांना हवे होते. लहरीवर खुणा ठोकून, त्या खुणा तालाच्या रेघांवर ओढून बसवण्याची त्यांची रीत आज सर्वत्र दिसते.

कुठल्याही कार्यक्रमात तुकडा करताना काही बाबी पाळाव्याच लागतात. लहर शून्यरेषा ओलांडते त्या बिंदूवर काप घ्यावा, अन्यथा आवाजाची उंची अचानक शून्यावर येऊन कडेला ‘टक्’ ऐकू येते. तसे जमत नसेल तर कडेला काही सहस्रांश सेकंदांचा उतार द्यायचा. फितीवरच्या तिरक्या कापाचा हाच अंकीय अवतार. काप आघाताच्या आधी किंचित पडला तर टोला उशिरा वाजतो, नंतर पडला तर शेफेरच्या घंटेप्रमाणे टोल्याची धारच जाते. एक तुकडा सुरू झाला की आधीचा बंद व्हावा अशी जोडणीही करावी लागते, नाहीतर उघडी झांज आणि मिटलेली झांज एकाच वेळी वाजतात, जे खऱ्या ड्रमवादकाकडून कधी होत नाही.

तुकड्यांची जाळी सहसा एका आवर्तनाच्या सोळा समान भागांची असते. पाश्चात्त्य नृत्यसंगीताला ती पुरते. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मिरवणुकांसाठी रीमिक्स बांधणारे डीजे नाशिक ढोल, हलगी, संबळ यांचे लूप याच सॉफ्टवेअरमध्ये घेतात, तेव्हा मात्र अडचण येते. दादरा अंगाचा सहा मात्रांचा ठेका सोळाच्या जाळीत बसवला की त्याचा डौल मोडतो. जाळी तिप्पट अंगाची करावी लागते. शिवाय मुरलेला हलगीवादक दोन टोल्यांमधले अंतर आवर्तनागणिक जरा बदलत असतो. आघात ओळखून केलेल्या तुकड्यांत ते अंतर टिकते, रेघेवर ओढलेल्या तुकड्यांत ते नाहीसे होते. ज्यांचे काम कानाला चांगले लागते, ते वाद्याची चाल ठेवून बाकीचे गाणे तिच्याकडे सरकवतात.

परवानगीची टंचाई सुरू झाली ती 1991 साली. त्याआधी सॅम्पल घेणारे सहसा विचारत नसत आणि मूळ कलावंतांना बहुधा पत्ताही लागत नसे. 17 डिसेंबर 1991 रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्यातला भाग विनापरवाना वापरल्याबद्दल विक्री थांबवण्याचा आदेश दिला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली आणि प्रकरण फौजदारी कारवाईसाठी सरकारी वकिलांकडे पाठवले. त्यानंतर प्रत्येक सॅम्पलसाठी दोन परवाने घेण्याची प्रथा पक्की झाली: एक रचनेचा, एक मुद्रणाचा. वीस सॅम्पल एकत्र रचलेल्या गाण्याचा खर्च परवडेनासा झाला. बॉम्ब स्क्वॉडसारखे दाट संगीत त्यानंतर मोठ्या कंपन्यांकडून जवळजवळ थांबलेच. डी ला सोल या गटाचा 1989चा पहिला अल्बम परवान्यांच्या गुंत्यामुळे 2023च्या मार्चपर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही.

या दडपणाने चॉपिंगला नवे कारण दिले. गँग स्टार या जोडगोळीतला डीजे प्रीमिअर आणि त्याच्या पिढीतले निर्माते सॅम्पल इतका बारीक चिरू लागले, क्रम आणि पट्टी इतकी बदलू लागले, की मूळ गाणे ओळखू येऊ नये. दोन आवर्तनांत पियानोचे तीन वेगवेगळे सूर, प्रत्येक निराळ्या जागेहून उचललेला. कायद्याच्या भीतीने सुरू झालेली ही युक्ती लवकरच कौशल्याची कसोटी बनली. न्यायालये मात्र बारीक तुकड्याबाबत एकमताने बोललेली नाहीत. फंकाडेलिक या गटाच्या गाण्यातल्या गिटारचे दोन सेकंद पट्टी उतरवून वापरल्याच्या प्रकरणात अमेरिकेतल्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2005 साली ठरवले की मुद्रणाचा कितीही छोटा तुकडा परवान्याविना घेता येणार नाही. 2016 साली नवव्या सर्किटने मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या 0.23 सेकंदाच्या तुकड्याबाबत उलट निर्णय दिला: इतका क्षुल्लक अंश उल्लंघन ठरत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2019 साली क्राफ्टवर्क या गटाच्या सॅम्पलबाबतच्या खटल्यात ओळखू येईल की नाही ही कानाची कसोटी धरली. निर्मात्यांच्या दृष्टीने ही शेवटची भूमिका सर्वांत समंजस आहे, कारण ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी तीच जुळते.

मुंबईतल्या ध्वनिमुद्रणांचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. 2002 साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात डीजे क्विक या निर्मात्याने 1981च्या ‘ज्योती’ चित्रपटातले लता मंगेशकर यांचे ‘थोडा रेशम लगता है’ मोठ्या प्रमाणात वापरले. तिथे तुकडे बारीक नव्हते, चाल आणि आवाज सरळ ऐकू येत होते. 2003 साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरी यांचे श्रेय दिल्याशिवाय त्या अल्बमची विक्री होऊ नये असा आदेश दिला. ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधला व्हायोलिनची चढती लकेर याउलट कुशल चॉपिंगचा नमुना आहे. ‘एक दूजे के लिए’ या 1981च्या चित्रपटातल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातली व्हायोलिने त्यात नव्या संदर्भात बसवली आहेत, आणि मूळ गाणे पाठ असलेल्यालाही ती पहिल्या ऐकण्यात ओळखू येत नाहीत. मॅडलिब या निर्मात्याने 2007 साली आलेल्या ‘बीट कंडक्टा’ मालिकेतल्या एका अल्बमची सगळी रचना भारतीय चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर केली. मोठा वाद्यवृंद, एकाच गाण्यात चार-पाच प्रकारचे मध्यसंगीत आणि ढोलक-बोंगोंचा भरघोस वापर यांमुळे त्या काळच्या हिंदी गाण्यांत दर काही सेकंदांनी नवा, सुटा काढता येईल असा तुकडा सापडतो. पडद्यावर दृश्य भरून काढण्यासाठी लिहिलेले मध्यसंगीत चॉपिंगला इतके सोयीचे ठरले यात आश्चर्य नाही.

भारतीय कायद्यात मुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1960च्या दशकाच्या पूर्वार्धातली मुद्रणे आता एकेक वर्षाने मुक्त होत आहेत. मात्र रचनेचा आणि गीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, त्यामुळे मुक्त मुद्रणातली ओळखता येणारी चाल उचलली तर परवाना लागतोच. नुसता ड्रमचा टोला किंवा झांजेची ठिणगी घेणाऱ्याचा मार्ग पुष्कळ मोकळा आहे.

ब्रेक शोधण्याची गरजच कमी करणारा बदल गेल्या काही वर्षांतला आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ हा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला. शिकवलेल्या न्यूरल जाळ्याच्या साहाय्याने तो पूर्ण गाण्यातून आवाज, ड्रम, बास आणि उरलेली वाद्ये वेगळी काढतो. 2023 मध्ये एफएल स्टुडिओत आणि 2024 मध्ये अ‍ॅपलच्या लॉजिक प्रोमध्ये ही सोय आली. पन्नास वर्षे सॅम्पल शोधणारे गाण्यात वाद्ये थांबण्याची वाट पाहत, कारण एकटा ड्रम तिथेच मिळे. आता गायिका गात असतानाच्या ओळीतूनही ढोलक उचलता येतो. वेगळा केलेला आवाज पूर्ण स्वच्छ नसतो. झांजांच्या कडा पाण्यातून आल्यासारख्या पुसट होतात आणि गायकाच्या प्रतिध्वनीचा थोडा अंश ड्रमसोबत येतो. काही निर्माते तो अंश काढून टाकतात, काही तसाच ठेवतात. हक्कांच्या बाबतीत या वेगळे काढण्याने फरक पडत नाही: यंत्राने अलग केलेला ढोलक हा त्याच मुद्रणाचा भाग आहे, आणि त्यासाठी तोच परवाना लागतो.